रकाना

मोबाइल घरीच ठेवा. जिथे जायचंय तिथे त्याला रेंज नाही, आणि परत आल्यावर त्याच्यापाशीच यायचंय.

२५ मार्च १९१४. सॅन फ्रान्सिस्को, हिल स्ट्रीट, ४३६ नंबरचं घर. दारातून आत शिरलात की आधी शाईचा वास येतो, मग फोडणीचा. तुमच्या कोटाला मात्र लाकडाच्या भुशाचा वास आहे, कारण हिवाळाभर तुम्ही ऑरेगनमधल्या एका लाकूडगिरणीत फळ्या उचलल्यात. तिथला मुकादम तुम्हाला ‘हिंदू’ म्हणायचा. तुमच्या शेजारी राबणाऱ्या शिखालाही हिंदू, पठाणालाही हिंदूच.

सतरा वर्षांचा कर्तारसिंग सराभा छपाईच्या यंत्राशी झटतोय. तुम्ही बाकावर बसून ओल्या शाईच्या कागदांच्या घड्या घालायला लागता. हे साप्ताहिक गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून निघतंय. नाव ‘गदर’, नावातच बंड, आडपडदा काही नाही. मराठी ऐकायला मिळेल म्हणून कान टवकारू नका. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शेतकी शिकायला या देशात आले आणि या चळवळीत पडले, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे इंजिनिअरिंगसाठी आले आणि तेही पडले. पण आज इथे दोघांपैकी कुणी तुम्हाला भेटणार नाही. ज्यांना भेटायला तुम्ही आलात ते लाला हरदयाळही जागेवर नाहीत.

मग बातमी येते. हरदयाळांना पकडलं.

तुमच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो आपल्याकडच्या सवयीने: कलम कुठलं? राजद्रोह? पण इंग्रजांविरुद्ध लिहिणं हा अमेरिकेत गुन्हाच नाही. उलट या देशाचा जन्मच त्या उद्योगातून झालेला. त्यामुळे पोलीस आले नाहीत. आले ते इमिग्रेशन खात्याचे लोक, आणि त्यांच्या हातातल्या कागदावर गुन्ह्याचं नाव नव्हतं. त्यावर एक वर्णन होतं: अराजकवादी परका.

इथे थोडं थांबा, कारण हा फरक पुढे शंभर वर्षं तुमच्या मागे येणार आहे.

खाडीतल्या बेटावर जायला खात्याची स्वतःची बोट आहे. एंजल आयलंड हे नाव देवदूतांचं, पण चार वर्षांपूर्वी इथे जे ठाणं उघडलं ते मुख्यतः चिन्यांना अडवायला. दुमजली लाकडी बराकी, एकावर एक टांगलेल्या खाटा, खिडक्यांना जाळ्या. भिंतीवर हात फिरवा. बोटांना खाचा लागतात. आठवडे, महिने अडकून पडलेल्या माणसांनी चिनी लिपीत कोरलेल्या कविता आहेत त्या. खातं त्या लांबीने बुजवतं, वर रंग फासतं. तुम्ही आज ज्या खाचेवर बोट ठेवलंय ती १९७० साली एका वनरक्षकाच्या नजरेला पडेल आणि मग लोक ती जपायला धावतील. ज्यांना बोलण्यावरून नव्हे, नुसत्या येण्यावरून कोंडलं होतं त्यांचं बोलणं असं लाकडात टिकलं. एवढं खरं की त्यांना वाचक मिळाला तो साठ वर्षांनी.

शेजारच्या खोलीत एका चिनी पोराची उलटतपासणी चाललीय. तुमच्या घराला पायऱ्या किती? गावातली विहीर कुठल्या दिशेला? शेजाऱ्याला मुलं किती? उत्तरं बापाच्या उत्तरांशी जुळली तर आत, नाही जुळली तर परतीची बोट. तुमच्या आजोळच्या वाड्याला किती पायऱ्या होत्या? आठवून पाहा. नाही ना सांगता येत?

हरदयाळांना विचारले जाणारे प्रश्न निराळ्या जातीचे आहेत. एकोणतीस वर्षांचा हा माणूस. सरकारी शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला आणि ती शिष्यवृत्ती लाथाडून बाहेर पडला; स्टॅनफर्डला हिंदी तत्त्वज्ञान शिकवलं; ऑकलंडमध्ये बाकुनिनच्या नावाची संस्था काढली. त्यामुळे अराजकवादाचा आळ अगदी हवेतला नाही, हेही मान्य करू. पण इमिग्रेशन कायद्याचं गणित पाहा. परक्याला हाकलायचं तर तो देशात शिरल्यापासून तीन वर्षांच्या आत हाकलायला हवा, आणि शिरताना तो अराजकवादी होता हे दिसायला हवं. म्हणजे काल त्यांनी भाषणात काय म्हटलं याची चौकशी नाही. बोटीवरून उतरताना त्यांच्या डोक्यात काय होतं, याची आहे. पायऱ्या मोजणं परवडलं.

या सगळ्यामागे एक नाव कुजबुजलं जातंय: हॉपकिन्सन. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यातला माणूस, पूर्वी कलकत्त्याच्या पोलिसात नोकरी, हिंदी बोलता येणारा. व्हँकूव्हरहून खाली येऊन त्याने हरदयाळांच्या भाषणांची टिपणं इथल्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवलीत. साम्राज्याला जे गुन्ह्याच्या दाराने मिळत नव्हतं, ते त्याने इमिग्रेशनच्या खिडकीतून मागितलं. हरदयाळ उघड म्हणताहेत की अमेरिकन सरकार इंग्रजांची मर्जी सांभाळतंय. एक हजार डॉलरच्या जामिनावर ते सुटतात आणि निकालाची वाट न पाहता स्वित्झर्लंड गाठतात. ‘गदर’ चालू राहतो. सराभा आणि पिंगळे त्याच वर्षी हिंदुस्थानात परततात. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी दोघांनाही लाहोरला फाशी होते. तिथे मात्र गुन्ह्याला नाव होतं.

आता हे वर्णन, ‘अराजकवादी परका’, कायद्यात कुठून आलं ते पाहायला अकरा वर्षं मागे आणि एक अख्खं खंड ओलांडून पूर्वेला चला.

२३ ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, मरे हिल लायसियम नावाचं सभागृह. तंबाखूचा धूर, आणि व्यासपीठावर जॉन टर्नर. इंग्लंडमधला दुकानातल्या नोकरांच्या संघटनेचा माणूस, हिशेबाच्या वहीसारखं शिस्तीत बोलणारा. विषय: कामगार संघटना आणि सार्वत्रिक संप. तुम्ही बॉम्बची वाट पाहत असाल तर जांभई येईल. भाषण संपतं, आणि इमिग्रेशनचे अधिकारी त्याला ताब्यात घेतात.

दोन वर्षांपूर्वी बफेलोमध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर एका माणसाने गोळ्या झाडल्या. तो स्वतःला अराजकवादी म्हणवत होता. नाव परदेशी वाटावं असं, चोलगोश. जन्म मात्र मिशिगन राज्यातला. गोळी घरच्याने झाडली आणि कडी दाराला लागली. १९०३ च्या कायद्याने अराजकवाद्यांना देशात मज्जाव केला, आणि टर्नर हा त्या कायद्याचा पहिला मासा.

तेव्हापासून बोटीच्या उतारूंच्या तक्त्यात नवा रकाना आला. अराजकवादी आहात का? कारकून टाक घेऊन रांगेने विचारत जातो आणि खाली खाली ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ लिहीत जातो. तुम्हाला हसू येतं. ‘हो’ कोण म्हणेल? पण रकाना ‘हो’साठी काढलेलाच नाही. त्याला तुमचं ‘नाही’ हवंय, सहीशिक्क्यानिशी. उद्या तुम्ही काही बोललात तर ते ‘नाही’ खोटं ठरवता यावं म्हणून.

टर्नरला एलिस आयलंडवर ठेवलंय. तिथे जाऊन भेटा. ज्या इमारतीत वरच्या मजल्यावर युरोपातून आलेली हजारो कुटुंबं बोचक्यांसह रांगेत उभी आहेत, तिथेच त्याच्यासाठी लोखंडी जाळीची कोठडी आहे. कागदोपत्री तो कैदी नाही. १८९३ मध्ये तीन चिनी मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकलं होतं की हद्दपारी ही शिक्षा नव्हे. जिथे राहायच्या अटी माणसाने पाळल्या नाहीत तिथून त्याला परत पाठवणं, एवढंच. आणि शिक्षा नाही म्हटल्यावर शिक्षेआधीचं काहीही लागू नाही. ज्युरी नाही, गुन्हेगारी खटला नाही. टर्नर मार्च १९०४ पर्यंत त्या नसलेल्या तुरुंगात राहिला.

बाहेर कूपर युनियनमध्ये निषेधसभा झाली. वकील म्हणून क्लॅरेन्स डॅरो उभा राहिला आणि त्याच्याबरोबर त्याचा भागीदार एडगर ली मास्टर्स, जो पुढे कवी म्हणून नाव काढणार होता. त्यांनी सांगितलं की हा माणूस कुणाला मारा म्हणत नाही. एक विचार मांडतो, आणि विचारावर बंदी घालायला तुमची घटना परवानगी देत नाही. १६ मे १९०४ ला निकाल आला. न्यायमूर्ती फुलर यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याला आत यायलाच कायद्याने मनाई आहे, तो आत घुसला म्हणून घटना ज्यांना हक्क देते त्या ‘लोकां’मध्ये मोजला जात नाही. भाषणावर बंदी नाही. फक्त ज्या फळीवर उभं राहून भाषण केलंस ती फळी काढून घेतोय. टर्नर निकालाआधीच इंग्लंडला निघून गेला होता.

मला या निकालापेक्षा आपल्या एका शब्दाने जास्त विचारात पाडलंय: तडीपार. आपल्याकडे पोलीस गुंडाला दोन वर्षं जिल्ह्याबाहेर काढतात, तेव्हाही गुन्हा शाबीत व्हावा लागतोच असं नाही. तड म्हणजे काठ. काठापलीकडे नेऊन सोडलं की काम झालं. इंग्रजीपेक्षा मराठीत ही गोष्ट जास्त स्वच्छ दिसते. त्या शब्दातच नाव आहे, पाणी आहे, आणि माणसाने काय केलं याचा उल्लेख नाही.

आता स्वेटर घाला. २१ डिसेंबर १९१९, पहाटेचे चारपाच. पुन्हा एलिस आयलंड. झोपलेल्या माणसांना उठवून कपडे करायला सांगितलंय. तुम्ही रांगेत आहात. दोन्ही बाजूंना बंदुका घेतलेले सैनिक, पायाखाली गोठलेली जमीन. रांगेत २४९ जणं, त्यातल्या तीन बाया. त्यांतली एक पन्नाशीची, चष्म्यातली, ठेंगणी: एमा गोल्डमन. चौतीस वर्षं ती या देशात राहिली. टर्नरच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांत तीच होती. लग्नाने ती आपल्याला नागरिक समजत होती. सरकारने १९०९ मध्ये तिच्या नवऱ्याचंच नागरिकत्व रद्द करून ठेवलं. फळी अशी दहा वर्षं आधीपासूनही सैल करून ठेवता येते.

तुमच्या पुढचा माणूस रशियन. गोल्डमनसारखी त्याची कुठे ख्याती नाही. नोव्हेंबरमध्ये रशियन कामगारांच्या संघटनेच्या जागांवर धाडी पडल्या, त्यात सापडला. बायकोला कळवलंय का, असं तुम्ही विचारता. तो नुसता मान हलवतो. या रांगेतल्या कित्येकांच्या घरी अजून ठाऊक नाही. धक्क्यावर कडक कॉलरमधला एक चोवीस वर्षांचा सरकारी वकील उभा आहे, आपण जुळवलेल्या फायली चालत बोटीवर चढताना पाहतोय. एडगर हूवर. पुढचं अर्धं शतकभर तो फायलीच जुळवणार आहे.

जहाजाचं नाव बफर्ड, जुनं सैनिकवाहू. कुठे चाललंय ते उतारूंना सांगितलेलं नाही. बंदरातून निघताना स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो. त्यावर एक परिच्छेद लिहायचा मोह प्रत्येक लेखकाला होतो. मी तो आवरतो. तुम्हीही आत जा, बाहेर वारा बोचरा आहे. २८ दिवसांनी बर्फातल्या फिनलंडमध्ये उतरायचंय आणि तिथून रेल्वेने रशियाच्या हद्दीपर्यंत.

तुम्ही मात्र तिथवर जाऊ नका. वॉशिंग्टनला उतरा, कामगार खात्याच्या कचेरीत. त्या काळी इमिग्रेशन याच खात्याकडे होतं. १९२० चा वसंत. एका टेबलाशी सत्तरी उलटलेला, टोकदार दाढीचा माणूस फायलींच्या ढिगाऱ्यात बसलाय. लुई पोस्ट, खात्याचा सहायक सचिव. गोल्डमनच्या हद्दपारीवर सही याचीच, आणि तो तिला व्यक्तिशः ओळखत होता. कायद्यात अराजकवादी म्हटलंय, ती स्वतःला अराजकवादी म्हणवते, मग माझ्या हातात काय उरतं, असा त्याचा हिशेब. याला भित्रा म्हणावं की प्रामाणिक, यावर माझं मत अजून ठरत नाही.

पण आता पाहा तो काय करतोय. २ जानेवारीला तीसेक शहरांत एकाच रात्री धाडी घालून हजारो माणसं धरलीत. वरिष्ठ रजेवर, दुसऱ्याने नोकरी सोडलेली, त्यामुळे अधिकार पोस्टकडे आलेत. तो प्रत्येक फाईल स्वतः वाचतो. एक फाईल तुमच्याकडे सरकवतो. पुरावा काय? यादीत नाव आहे. यादीत नाव कसं आलं? हा जुना समाजवादी पक्षाचा सभासद. पक्ष फुटला तेव्हा त्याची अख्खी शाखा कम्युनिस्टांच्या यादीत ढकलली गेली, याला पत्ताच नाही. दुसरी फाईल. जबाब आहे, पण वकील कधी दिला? पूर्वी नियम होता की चौकशीच्या सुरुवातीलाच माणसाला सांगायचं, तुला वकील घेता येतो. धाडींच्या आदल्या दिवसांत तो नियम गुपचूप बदलला: सरकारचं हित सुरक्षित होईल इतकी चौकशी पुढे गेली की मग सांगायचं. म्हणजे आधी बोलून घे, मग तुझा गप्प राहण्याचा हक्क तुला सांगतो. पोस्ट त्या जबाबावर काट मारतो. वॉरंट रद्द. पुढची फाईल. वॉरंट रद्द. असं करत तो दीड हजारांवर वॉरंटं फाडतो.

संसदेत त्याच्यावर महाभियोगाची भाषा होते. मे महिन्यात हा म्हातारा समितीपुढे स्वतः जाऊन बसतो आणि एकेका फाईलचा हिशेब देतो. तासन्‌तास. ऐकणाऱ्यांचा आवेश हळूहळू ओसरतो आणि महाभियोग तिथेच विरतो. या अख्ख्या प्रवासात मला पुन्हा पुन्हा यावंसं वाटतं ते याच खोलीत. इथे घोषणा नाही की भाषण नाही. एक कारकुनी वृत्तीचा माणूस कागद नीट वाचतोय, बस्स.

पुढची काही वर्षं पटकन ओलांडू. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा ऑस्ट्रेलियन पुढारी हॅरी ब्रिजेस सर्वोच्च न्यायालयात जिंकला, आणि इथे राहणाऱ्या परक्यालाही बोलण्याचं स्वातंत्र्य आहे असं न्यायालय म्हणालं. १९५२ मध्ये तेच न्यायालय फिरलं: पूर्वी कधी कम्युनिस्ट पक्षात होता एवढ्यावर हाकलता येतं. त्याच वर्षी एलिस आयलंडवर एका खोलीत डोकवा. त्रिनिदादचा लेखक सी. एल. आर. जेम्स, पोटात अल्सर, समोर कागद. आयुष्यभर स्टालिनवर तुटून पडलेल्या या माणसाला खात्याने नेमकं कम्युनिस्टांच्या खोलीत टाकलंय. तो हर्मन मेलव्हिलच्या देवमाशावर पुस्तक लिहितोय. छापून झाल्यावर त्याच्या प्रती तो काँग्रेसच्या सभासदांना पाठवणार आहे, मी किती अमेरिकन आहे हे पाहा म्हणून. त्याचाही उपयोग झाला नाही.

आणि आता, पुन्हा २५ मार्च. साल २०२५. तारीख जुळली हा योगायोग, मी जुळवलेली नाही. बॉस्टनजवळच्या समरव्हिलचा रस्ता, संध्याकाळ, रमझानचा महिना. टफ्ट्स विद्यापीठात संशोधन करणारी एक तुर्की विद्यार्थिनी उपास सोडायला निघालीय. साध्या कपड्यांतली माणसं तिला घेरतात. काहींनी तोंडं झाकलीत. वर्षभरापूर्वी विद्यापीठाच्या दैनिकात गाझावर एक लेख आला होता, चौघांनी मिळून लिहिलेला. त्या चौघांत ती होती. व्हिसा आधीच रद्द झालाय, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. गुन्हा? नाही. तिला लुईझियानात नेतात, दीड हजार मैलांवर, आणि सहा आठवडे ठेवतात. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये पकडलेला कोलंबिया विद्यापीठाचा विद्यार्थी तर ग्रीन कार्डवाला. त्याच्यासाठी काढलेलं कलम म्हणतं की त्याचं इथे असणं परराष्ट्र धोरणाला बाधक आहे. तो १०४ दिवस आत राहिला आणि त्याच्या पहिल्या मुलाचा जन्म त्याच्याशिवाय झाला. सप्टेंबरमध्ये बॉस्टनच्या एका न्यायाधीशाने लांबलचक निकाल देऊन सांगितलं की देशात कायदेशीर असलेल्या परक्याला नागरिकाइतकंच बोलता येतं. १९०४ पासूनचा तोच वाद, तीच फळी.

आपण फार छाती काढायला नको. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनांत दिसला म्हणून मद्रासच्या आयआयटीतल्या जर्मन पोराला आपणही २०१९ मध्ये परत धाडलं. जादवपूरच्या पोलिश विद्यार्थ्याला तसाच हुकूम झाला, तो कलकत्ता उच्च न्यायालयाने रद्द केला.

चला, घरी. कोथरूडमधली एक बैठकीची खोली, जून २०२५. पंखा फुल, टेबलावर कांदेपोहे गार झालेत. भाचीला अमेरिकेत प्रवेश मिळालाय, मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळायची आहे आणि ती लॅपटॉपवर व्हिसाचा अर्ज भरतेय. गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची सगळी नावं द्या, असं एका रकान्यात लिहिलंय. याच आठवड्यात नवा हुकूम आलाय: विद्यार्थ्यांनी आपली खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायची.

तुमचा मोबाइल टेबलावर तसाच पडलाय. ती तिचा पुढे करते. तीन वर्षांपूर्वीची एक पोस्ट, कॉलेजच्या गच्चीवरून टाकलेली. चार ओळी आणि एक झेंडा.

“मामा, हे ठेवू का काढू?”

तुम्ही चष्मा शोधता. पोस्ट वाचता, पुन्हा वाचता. खाली २३ जणांनी बदाम टाकलेत, त्यात एक तुमचाही आहे.